हिरव्या लेबलाचा कॅमेरा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात कॉम्प्युटरला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू मिळतात. कीबोर्ड, माऊस, कॅमेरे, प्रिंटर, वाय-फायचे डोंगल. अशी दुकानं आमच्या गल्लीत आणखीही आहेत. माझ्याकडे वेगळं एवढंच, की काही खोक्यांवर एक गोल हिरवं लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर छापलंय, ‘लिनक्सवर चालतं’.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. जुन्या, दमलेल्या मशीनवरही ती निवांत चालते. त्यामुळे आमच्याकडच्या दूध संस्थांत, झेरॉक्सच्या दुकानांत, गावोगावच्या क्लासमध्ये ती पुष्कळ दिसते. अडचण इतकीच, की वस्तू बनवणारे लोक खोक्यावर विकतच्या प्रणालींची नावं छापतात, हिचं सहसा छापत नाहीत. वस्तू चालते की नाही ते घरी नेऊन जोडल्यावरच कळतं. म्हणून मी ठरवलं, की आपणच दुकानात जोडून बघायचं आणि चाललं तर लेबल लावायचं.

काउंटरच्या टोकाला यासाठी एक जुनी मशीन ठेवली आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी एकेक नवी वस्तू तिला जोडतो. रस्त्यावरच्या टेंपोंचा आवाज हळूहळू लांब गेल्यासारखा होतो, पंखा फिरत असतो, आणि मशीन त्या नव्या वस्तूला ओळखते का याची मी वाट बघत बसतो. प्रिंटरमधून पहिला कागद सरकत बाहेर आला, की मला अजूनही कुणी माझ्या हाकेला ओ दिल्यासारखं वाटतं. मग मी लेबलांच्या पट्टीतून एक लेबल सोलतो आणि खोक्याच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बसवतो. दिवसातला हा वेळ मला सगळ्यात आवडतो.

लोकांचा या लेबलांवर विश्वास बसला. गडहिंग्लज, पन्हाळ्याकडची माणसं दारातूनच विचारायची, “पावणं, हिरवं हाय काय ह्येच्यावर?” मी हो म्हटलं की पुढचं काही न विचारता पिशवीत टाकायची. मला याचा अभिमान होता. तो जरा जास्तच होता, असं आता वाटतं.

माझी थोरली बहीण गडहिंग्लजच्या पलीकडे नेसरीला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. दाजी तिथल्या दूध संस्थेत आहेत. त्यांना एकच मुलगी. ती कोल्हापुरात इंजिनिअरिंगला होती तेव्हा माझ्याच घरी राहायची. पुढे हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथं तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर, दाजींना मेसेज करून.

अक्काची जीभ फार तिखट. मनात तसं नसतं, पण तोंडातून निघतं ते चाबकासारखं. लग्नाच्या दिवशी पोरीने हैदराबादहून फोन केला, आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं, “आई, मी बोलतोय.” अक्काने ऐकलं आणि म्हणाली, “राँग नंबर.” फोन ठेवून दिला. पोरीने पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हाही तेच. त्यानंतर पोरीने फोन करायचं सोडलं. पुढे अक्काच फोन लावायला लागली, तर पोर उचलेना. दाजींशी ती बोलायची, माझ्याशी बोलायची, फक्त आईशी नाही.

मी मध्ये पडलो. भाची मला म्हणाली, “मामा, फोनवर नको. फोनवर ती थेट कानात बोलते. मला परत तो शब्द ऐकू येतो.” मग मला सुचलं, की आवाजाबरोबर तोंडही दिसलं तर कदाचित जमेल. समोर माणूस दिसत असताना राँग नंबर म्हणता येत नाही. भाचीही तयार झाली. अक्काच्या घरी भाचीचा कॉलेजातला कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. मोबाईलच्या बारक्या पडद्यावर अक्काला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नीट दिसत नाही, त्यामुळे मोठा पडदाच बरा होता. दिवाळीनंतर मी नेसरीला गेलो, त्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं, स्पीकर लावले, आणि दुकानातून नेलेला कॅमेरा खोक्यातून काढून पडद्यावर बसवला. खोक्यावर माझंच हिरवं लेबल होतं. दुकानात तपासलेलं आहे म्हणून तिथं पुन्हा तपासायची गरज मला वाटली नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई होती. अक्काला पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला, बटण कुठं दाबायचं ते दाखवलं, आणि निघालो.

तिथून पुढे अक्काला फोन केला की मी विचारायचो, “चालतोय का गं कॅमेरा?”

“चालतोय की,” ती म्हणायची.

“बोलता का दोघी?”

“बोलतोय की. रोज दुपारी येती ती.”

मला फार बरं वाटायचं. रात्री जेवताना बायकोला मी दोनदा-तीनदा तरी सांगितलं असेल, की बघ, माय-लेकींना मी जोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर कोडोलीहून एक क्लासवाले मास्तर आले. तोच कॅमेरा त्यांनी माझ्याकडून नेला होता. पिशवीतून काढून त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

“ह्यो मुका हाय ओ तुमचा.”

“म्हणजे?”

“चित्र झकास जातंय. आवाज न्हाय जात. आठवडाभर ऑनलाइन क्लासात पोरं मला हात करून सांगाय लागलीत, मला वाटलं मस्ती करत्यात. दोघांना कॉलमधनं भाईर काढलं म्या.” ते हसत होते, पण बोट लेबलावर ठेवलेलं होतं. “हे बघून घेतला म्हणून बोललो.”

मी कॅमेरा काउंटरच्या मशीनला जोडला. माझा चेहरा पडद्यावर आला, कपाळावरचा घाम दिसण्याइतका स्वच्छ. कॅमेऱ्याच्या आत बारीक माईक असतो. त्याच्यासमोर मी “हॅलो, हॅलो” केलं. आवाजाची पट्टी जागची हलली नाही. लिनक्सला या कॅमेऱ्याचा डोळा ओळखता येत होता, कान ओळखता येत नव्हता.

आणि मला आठवलं. त्या कॅमेऱ्यांची खोकी आली त्या दिवशी मी त्यातला एक जोडून माझा चेहरा बघितला होता. बस्स. चेहरा दिसला म्हणजे कॅमेरा चालतो, असं धरून सगळ्या खोक्यांवर एका दमात लेबलं लावली होती. माईक तपासायचा राहून गेला असंही म्हणता येणार नाही. तो तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मास्तरांना मी दुसरा कॅमेरा दिला, माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ दे ओ, त्या दोन पोरांची माफी मागायला पायजे खरं तर.” ते गेल्यावर मी फळीवर उरलेल्या खोक्यांवरची लेबलं नखाने खरवडत बसलो. ती सहज निघत नाहीत. कागद निघतो, डिंक राहतो, त्यावर लगेच धूळ बसते आणि तिथं एक काळपट गोल उमटतो.

खरवडता खरवडता अक्का आठवली, आणि हात थांबला. चार-पाच महिने झाले होते. तिथूनही आवाज जात नसणार. मग ती मला ‘चालतोय की’ का म्हणत होती?

पुढच्या रविवारी मोटारसायकलवरून नेसरीला निघालो. पिशवीत एक वेगळा यूएसबी माईक होता, छोट्या पायाचा, टेबलावर उभा राहणारा. हा मी दुकानात तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासला होता. स्वतः बोललो, बायकोला बोलायला लावलं, आणि बायको “आता पुरे” म्हणाली तेही त्यात नीट ऐकू आलं होतं.

रस्ता मध्येच कर्नाटकातून जातो. खिशातला फोन एकदा थरथरतो आणि कन्नडमध्ये स्वागताचा मेसेज येतो. थोड्या वेळाने पुन्हा थरथरतो, तेव्हा आपण परत आपल्या बाजूला आलेलो असतो. मधल्या शेतांवरून हे काही कळत नाही. तोच ऊस, तीच लाल कौलं, म्हशींना पाण्यावर घेऊन चाललेली तीच माणसं. दुपारच्या उन्हात रस्ता पुढे पाण्यासारखा चमकायचा आणि जवळ गेलं की नाहीसा व्हायचा. मला सारखं अक्काचं तोंड दिसत होतं, पडद्यासमोर बसलेलं, हलणारे ओठ, आणि पलीकडे हैदराबादला पोरीच्या घरात पडलेली शांतता. माझ्या एका लेबलाने ती शांतता तिथं नेऊन ठेवली होती. पोरीला वाटत असेल आई अजून बोलत नाही. अक्काला वाटत असेल पोर ऐकत नाही.

अक्का सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. दाजी संस्थेत गेले होते.

“आज कसं काय सरकार?” ती म्हणाली. “दुकान बुडालं काय?”

मी पाणी पिऊन सरळ सांगून टाकलं. कॅमेऱ्याचा माईक चालत नाही, चूक माझी, न तपासता लेबल लावलं.

“म्हाईत हाय की,” अक्का म्हणाली.

“माहीत आहे?”

“पयल्याच दिवशी म्हणाली ती. आई, तुझा आवाज येत न्हाय. म्या मान हालवली. परत तीबी काय म्हणाली न्हाय.”

“मग मला का नाही सांगितलंस? मी लगेच येऊन बदलला असता.”

तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “म्हणून तर न्हाय सांगितलं.”

मला कळेना. ती सुपाकडे बघत बोलत राहिली. “ती बोलती, म्या ऐकते. ऑफिसातलं सांगती, शेजारणीचं सांगती, त्याचंबी सांगती. मधी मधी म्या मान हालवते. तिला वाटतंय आई गुणाची झाली. आता तू आवाज चालू करून दे, आणि जाऊ दे माझ्या तोंडातनं एखादा शब्द. म्हंजे झालं. तोंडानंच घालवलीया म्या ती. आता बिनतोंडाची गावलीया तर ऱ्हाऊ दे तशीच.”

“अक्का, पण असं किती दिवस?”

“व्हतील तेवढं. तू काय हात लावू नकोस तिथं.”

मी हो म्हटलं. ती परड्यात गेली, म्हशीला पाणी दाखवायला. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी जाऊन बसलो. खिडकीच्या गजांतून ऊन टेबलावर पडलं होतं. कॅमेरा पडद्याच्या माथ्यावर बसून होता आणि त्याचं रिकामं खोकं टेबलाखाली, कोपऱ्यात माझं लेबल. अक्काने ते जपून ठेवलं होतं. मला ते बघवेना. मी हो म्हटलं होतं हे मला आठवत होतं. तरी पिशवीतून माईक काढला, मशीनमागे खोचला आणि टेबलावरच्या शेंगांच्या टोपलीआड उभा केला. स्वतःशी म्हटलं, नुसतं बघू, चालतोय का ते. वस्तू चालते की नाही हे बघितल्याशिवाय माझा जीव खाली पडत नाही. अक्काने काय मागितलं होतं आणि मी काय करत होतो, याचा तेव्हा विचार केला नाही म्हणालो तर ते खोटं होईल. विचार केला आणि तरी जोडला.

तेवढ्यात कॉल वाजला. बटण दाबलं. भाची दिसली, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी, केस वर बांधलेले, परातीत पीठ. एरवीही दुपारच्या सुट्टीत ती घरी येऊन भाकऱ्या करते, हे मला माहीत होतं; आज तर रविवार होता.

“मामा? तुम्ही कधी आला?”

“आत्ताच,” मी म्हणालो.

तिचे हात पिठात थांबले. “मामा, तुमचा आवाज येतोय.”

मी काही बोलायच्या आत परड्याच्या दारातून अक्काचा आवाज आला, नेहमीसारखा, गल्लीला ऐकू जाईल असा. “आली काय रं ती? खाल्लंय काय म्हणावं का नुसतंच त्या मशीनीपुढं बसलीया?”

पडद्यावर भाचीने मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती आईचा आवाज ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि पिठाने भरलेलं बोट हळूच ओठांवर ठेवलं.

बहिणीला मी मशीनला हात लावणार नाही असं म्हणालो होतो आणि आता तिच्या लेकीला सांगणार नाही असं नुसत्या मानेने कबूल केलं.

अक्का पदराला हात पुसत आली, शेंगांची टोपली मांडीवर ओढली आणि खुर्चीत बसली. टोपली सरकल्याबरोबर माईक उघडा पडला. तिचं लक्ष पडद्याकडे होतं. भाचीने पाठ फिरवली, थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि दुसरी थापायला घेतली. थाप थाप आवाज स्पीकरमधून खोलीत पसरला. तिथं हैदराबादला थापलेली भाकरी इथं नेसरीत ऐकू येत होती, आणि बाहेर म्हैस पाणी पीत होती, आणि मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

मग अक्का बोलायला लागली. माझ्याशी नाही. पडद्याशी, हळू, ओठांतल्या ओठांत, शेंगा फोडता फोडता. तेव्हा मला समजलं, की ती इतके महिने नुसती मान हलवत नव्हती. आवाज जात नाही म्हणून ती रोज बोलत होती.

“पातळ थापतीस अजून. लहानपणापासनं घाई तुला. हात बरा झाला न्हवं? परवा पट्टी व्हती. त्यानं बांधली म्हणालीस. बरं केलं त्यानं. … वाळलीस गं. तुझी खोली झाडून ठेवलीया. बा तुझा म्हणतो तिथं बारदान ठेवू या, म्या म्हणलं न्हाय ठेवायचं.”

पडद्यावर पाठ तशीच होती. हात चालत होते, पण भाकरी तीच होती. गोल फिरून फिरून तीच.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला ऐकायचं होतं. थोरली बहीण अशी बोलताना मी कधीच ऐकली नव्हती, आमची आई गेली तेव्हाही नाही. माझी चूक माईकची नाही, लेबलाचीही नाही, ही आहे. त्या दुपारी मी जेवढा वेळ गप्प बसलो तेवढ्या वेळची.

“त्या दिशी फोन आला तुझा,” अक्का म्हणाली, “तवा आवाज ऐकून पयल्यांदा बरंच वाटलं व्हतं मला. दोन दिवस फोन न्हवता तुझा. म्हणलं, हाय, जित्ती हाय, बोलतीया. आणि तोंडातनं दुसरंच गेलं. तीनदा गेलं. तू चौथ्यांदा लावशील म्हणून म्या फोनपाशीच बसले व्हते.”

थाप थाप थांबली. भाचीने मनगटाने डोळ्यांपाशी काहीतरी पुसलं, पण वळली नाही.

अक्का माझ्याकडे वळली. “तुला काय झालं? तोंड बघ. चोरून शेंगा खाल्ल्यावर असंच करायचास.”

“अक्का,” मी म्हणालो, “हा माईक चालू आहे. मी जोडलाय.”

तिने टेबलावरच्या त्या बारक्या, काळ्या वस्तूकडे बघितलं. नंतर पडद्याकडे. हातातली शेंग तिने फोडली नाही, टाकलीही नाही.

“ऐकतीया ती?”

“हो.”

“कवापासनं?”

ती पडद्याकडे तोंड करून, आपल्या जुन्या, करड्या आवाजात म्हणाली, “ऐकतीस व्हय गं?”

“ऐकतोय की, आई,” भाची पाठमोरीच म्हणाली.

अक्का आता काय बोलेल याची मला भीती वाटत होती. तिलाही वाटत असावी, कारण तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, “तव्यावरची उलट. करपली.”

भाचीने भाकरी उलटली. काळी पडली होती. तिने ती पडद्यापुढे धरून दाखवली आणि हसली, रडवेली, नाक ओढत. अक्का हसली नाही. “ती त्याला देऊ नकोस,” म्हणाली. “तू खा.”

मी निघालो तेव्हा अक्का दारापर्यंत आली. रागावली होती का मला नीट सांगता येत नाही. म्हणाली, “परत एकदा विचारून तरी जोडायचास.”

“तू परत नकोच म्हणाली असतीस.”

“म्हणाली असतेच की. ते ऐकायचं व्हतं.” आणि एका पिशवीत शेंगा घालून दिल्या.

त्याला आता दोन महिने होतील. भाची अजून नेसरीला आलेली नाही. येईन म्हणते, दिवस सांगत नाही. रोजच्या दुपारच्या गप्पा चालू आहेत. भांडणंही होतात म्हणे, जावयाच्या मिशीवरून एकदा बरंच झालं, आणि दुसऱ्या दिवशी कॉल आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

गेल्या आठवड्यात भाचीचा मला फोन आला होता. सहजच. बोलता बोलता म्हणाली, “मामा, आई अधूनमधून माईकची वायर काढते.”

“मी येऊन बघू का?”

“नको. मुद्दाम काढते. मला दिसतं, हात मागे नेते आणि ओढते. मग थोडा वेळ ओठ हलत असतात. बोलून झालं की परत खोचते आणि विचारते, आज भाजी काय?”

“तू काय करतेस?”

“मी पाठ फिरवून भाकऱ्या थापत राहते,” ती म्हणाली. “तिचं बोलून होईपर्यंत.”